तिसरी छत्री

दि. ३ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. यान उडतं त्या तळावर तुमचे फोन काढून घेतात म्हणून का होईना, बहिणीला चार ओळी लिहायची तुला सवय लागली, हे बरंच झालं. बातमी मात्र वाचली आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं. यानात एक जागा रिकामी झाली, साहेबांनी ती चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून तुला दिली, आणि तू पंधरा दिवसांनी अंतराळात जाऊन येणार. दहा मिनिटं वर, की लगेच खाली. तुझ्या भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं आणि अभिनंदन कळवायला सांगितलं. त्यांना बसमध्ये खिडकी मिळाली तरी अप्रूप वाटतं, तेव्हा ते मनावर घेऊ नकोस.

मागच्या पत्रात तूच लिहिलं होतंस ना, एक बडा पाहुणा आपल्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा वर घेऊन गेला, अंतराळात जाऊन आलेलं कार्ड लोकांना वाटायचं म्हणून? वर गेल्यावर त्याने त्याच कार्डांवर उलटी केली, ती तू दोन तास पुसलीस, आणि तो बाहेर केस विंचरून तीनतीनदा फोटो काढत होता. वाचून मला जेवण गेलं नव्हतं. आता त्याच खुर्चीत तू बसणार, आणि मी आनंदाने नाचायचं! पृथ्वी काय, इथूनही दिसते. पायाखालीच आहे.

तू म्हणशील ताई डबक्यातली बेडकी. असेन. पण एकतीस वर्षं मी कारखान्यात पॅराशूटच्या, आपल्या भाषेत छत्र्यांच्या, घड्या घातल्या आणि तुलाही त्याच टेबलाशी उभं करून शिकवल्या. आमचा फोरमन कधीही न सांगता यायचा, फळीवरची हाताला येईल ती पिशवी उचलायचा, तिच्या कार्डावरचं घडी घालणारीचं नाव वाचायचा, आणि जिचं नाव तिने ती पाठीला बांधून विमानातून उडी घ्यायची. मी दोनदा घेतली. दुसऱ्या वेळी तुझा भाचा दोन वर्षांचा होता. त्यामुळे आमच्या टेबलाशी कुणी चकार शब्द बोलत नसे आणि दिवसाला एका छत्रीच्या वर घडी होत नसे.

म्हणून एकच विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. तू बसणार आहेस त्या यानाच्या छत्र्यांची घडी कुणी घातली?

रागावले आहे, तरी माया आहे तेवढीच आहे.
तुझी ताई

दि. ९ फेब्रुवारी

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो. मग नाही हसलो. सगळेच पाहुणे कार्डवाले नसतात गं. सोडतीत एका बाईंचं नाव निघालं आहे. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला त्यांनी. माझ्यानंतर जागा रिकामी झाली तर पहिला नंबर त्यांचा. परवा शेड बघायला आल्या होत्या, तर छत्रीच्या कापडाला आधी हात पुसून मग हात लावला. शिवाय एक डॉक्टर हृदयावरच्या अभ्यासासाठी आपली यंत्रं आमच्या यानातून फुकट वर पाठवतात. विमानंही आधी श्रीमंतांचीच होती, आणि आता भाऊजींना त्यातही खिडकी हवी असते. तेव्हा सगळ्यालाच नाक मुरडू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घड्या मीच घातल्या. एका यानाला तीन छत्र्या लागतात. पूर्वी महिन्याला एक उड्डाण व्हायचं, तेव्हा एका छत्रीला एक दिवस मिळायचा. आता दर आठवड्याला आहे, म्हणून तिन्ही एका दिवसात होतात. साहेब म्हणतात, दोन उघडल्या तरी यान नीट उतरतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फळीपाशी जाऊन उभा राहिलो. तिन्ही कार्डांवर माझी सही होती. पहिल्या दोन घड्या मला आठवतात. तिसरी आठवतच नाही. आठवतं ते एवढंच, की पाठ भरून आली होती आणि बस सुटायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं की माझा कान दुखतोय, वर जाणं झेपणार नाही. ते हळहळले. जागा भूगोलाच्या बाईंना गेली. त्यांनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. तेव्हा आता काळजी सोड, मी जात नाही.

भाऊजींना नमस्कार. तुझा जीव शांत झाला असेल, आता थोडं कौतुकही कर.
तुझा बारक्या

दि. १२ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद. अनेक नाहीत, एकच. तोही हात आखडून.

ज्या छत्रीखाली तू स्वतः बसत नाहीस, तिच्याखाली त्या बाईला बसवलंस, आणि वर तिची मिठी घेऊन आलास! त्या कार्डवाल्याची मी उगाच किळस केली. त्याची घाण निदान पाण्याने गेली. तुझी मला शिसारी आली आहे, आणि तुला हे काम मी शिकवलं म्हणून माझीसुद्धा. भाऊजींना पत्र वाचून दाखवलं. ते उठून गॅलरीत जाऊन बसले.

कान दुखतोय म्हणे! लहानपणी शाळा बुडवायलाही तू हेच सांगायचास.

फळीवरून तिन्ही पिशव्या खाली काढ आणि घड्या मोड. साहेब ओरडतील, ओरडू दे. नोकरी गेली तर घरी ये, दोन वेळचं जेवण कुठे जात नाही. आणि बाईंना खरं काय ते तुझ्या तोंडाने सांग. हे केल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

माया कुठे जात नाही, हीच माझी पंचाईत आहे.
ताई

दि. २३ फेब्रुवारी

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

केलं, म्हणून लिहितोय.

उड्डाणाच्या आदल्या सकाळी तिसरी छत्री टेबलावर पसरली. एकेक दोरी बोटांखालून घेतली, एकेक पदर मोजला. ताई, सगळं बरोबर होतं. शिकवलं होतंस तसंच, कणभरही चूक नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. घडी माझ्या हातची, सही माझी, आणि ती बरोबर आहे हे मलाच माहीत नव्हतं. बाकीच्या दोन्हीही मोडल्या आणि दिवसाला एक अशा तिन्ही घड्या तीन दिवसांत पुन्हा घातल्या. उड्डाण तीन दिवस पुढे गेलं.

बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं थोबाडीत देतील. त्यांनी फक्त विचारलं, आता तुम्ही स्वतः बसाल का? मी हो म्हणालो. ते खरं होतं. त्या यानाकडे चालू लागल्या.

तिन्ही उघडल्या. बाई उतरल्या त्या ओकूनच, पण चेहरा काही वेगळाच होता. म्हणाल्या, हवेचा थर इतका पातळ असतो हे चाळीस वर्षं नुसतं फळ्यावर काढलं, आज पाहिलं. सगळ्या वर्गाला एकदा दाखवायला हवं होतं. तेव्हा ताई, वर काहीच नाही असं म्हणू नकोस.

मला मात्र कामावरून काढलं. साहेबांचं म्हणणं, छत्र्यांत चूक काहीच नव्हती, म्हणजे तीन दिवस मी फुकट घालवले. कागदावर ते बरोबरच आहेत. दीड वर्षात माझ्या सहीच्या किती छत्र्या वर गेल्या आणि त्यातल्या किती अशा न आठवणाऱ्या होत्या, मला सांगता येत नाही. सगळे जिवंत उतरले, हे माझं नशीब, काम नव्हे.

माझं टेबल दोन नव्या मुलींना दिलं आहे. त्यांचं शिक्षण आठ दिवसांचं. मी त्यांना कारखान्यातली उडीची पद्धत सांगितली, तर खो खो हसल्या. गुरुवारच्या यानात एकही जागा उरलेली नाही, आणि आज दुपारी मी सामान घेऊन निघालो तेव्हा त्याच्या तिन्ही छत्र्या जमिनीवर गोळा होऊन पडल्या होत्या.

रविवारी येतो. दार उघडशील एवढा लोभ शिल्लक असू दे.
तुझा बारक्या