शेगडीला दार उघडं लागतं

पौष, गुरुवार, संध्याकाळ

माझ्या थंडीचा हिशेब केला म्हणे! पुण्याहून विलासचा फोन आला, तर "आई, बरी आहेस का" विचारायच्या आधीच आकडे सुरू. कोळशाच्या शेगडीपेक्षा विजेचा हीटर स्वस्त, गॅसचा मात्र महाग. पोरगा शिकलाय, बरोबरच असेल. "फक्त दार लावून बस, नाहीतर ऊब बाहेर जाते नि बिल वाढतं," म्हणाला.

आज बसले त्यानं धाडलेल्या हीटरपुढं, दार लावून. खोली गरम झाली, खोटं कशाला बोलू. पण शेगडीला दार उघडंच ठेवावं लागतं, नाहीतर कोळशानं जीव गुदमरतो. म्हणून तर शेजारची शांता पंचवटीच्या बाजारात मेथी विकून आली की आत डोकवायची. "काय म्हातारे, एकटीच शेकतेस?" म्हणत हात पुढं करायची. आज तिची चप्पल दारापुढून वाजत गेली. तिला वाटलं असेल, म्हातारी निजली. मी उठून हाक मारेपर्यंत गेलीसुद्धा.

हे त्याच्या हिशेबात कुठं मांडायचं? लहानपणी विलास याच शेगडीत हरभऱ्याचे घाटे भाजायचा नि काळी बोटं माझ्या पदराला पुसायचा. लय मार खाल्लाय त्यानं. आता दिवाळीपासून फिरकला नाही. हीटर तेवढा कुरिअरनं आला.

दार उघडून ठेवलंय. वाढू दे बिल. उद्या फोन आला की विचारणार, घरी कधी येतोस? तेव्हा त्यानं नेहमीसारखा सुनेच्या हातात फोन द्यायचा नाही. उत्तर त्यानंच द्यायचं.