पहिला आकडा कशाला

३ नोव्हें., सोम.
आठची कंपवाताची गोळी लागू पडायला पावणेनऊ वाजले. तोवर शर्टाची बटणं शालननेच लावली. पहिलीच्या वर्गाला शिकवताना मी पोरांची बटणं लावायचो आणि वर ओरडायचो. आज त्याची लाज वाटली.
नंतर पेपर. मागच्या दारी ती विळीवर मासे साफ करते, मी उंबऱ्याशी खुर्चीत बसून मोठ्याने वाचतो. बारीक अक्षर तिला दिसत नाही. निवृत्त झाल्यापासून हा नेम चुकलेला नाही. प्रत्येक बातमीला तिचं ‘हं’.

५ नोव्हें., बुध.
अलिबागला डॉक्टरकडे. लेक सुजाता पनवेलहून आली होती. ऑपरेशनचा विषय निघाला. मुंबईला करतात, मेंदूत तार घालून. थरथर कमी होईल, अंग मोकळं होईल, पण आवाज आणखी बसू शकतो. नाही केलं तर गोळ्यांवरच भागवायचं. घाई नाही म्हणाले. एक कागद दिला: थरथर, चालणं, बोलणं, झोप, हाताने जेवणं. आधी काय सुधारायला हवं, तसे आकडे घालायचे.
सुजाताने गाडीतच थरथरीपुढे १ घातला. घरी आल्यावर मी खोडला.

७ नोव्हें., शुक्र.
बोलण्यापुढे १. ऑपरेशन नको. विहारातली वंदना आता दुसरं कोणी सांगतं, ठीक आहे. पण सकाळचा पेपर सोडणार नाही. सुजाताला फोनवर सांगितलं. ती तीनदा ‘काय, बाबा?’ म्हणाली. रेंज नसेल.

१० नोव्हें., सोम.
वाचता वाचता घशातून आवाजच निघेना. नुसते ओठ हलत होते. शालन मान खाली घालून मांदेली साफ करत होती. मी थांबलो.
ती म्हणाली, ‘हं.’
दिवसभर बोललो नाही तिच्याशी.

११ नोव्हें., मंगळ.
शेवटी विचारलंच. कधीपासून?
‘गणपतीच्या आधीपास्नं. तुमचं नीट ऐकू येत न्हाय.’
मग ‘हं’ कशाला?
‘न्हाय म्हटलं असतं तर तुम्ही वाचायचं सोडलं असतं.’
खरंय. सोडलं असतं. राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. जेवताना वाटीतली आमटी अर्धी सांडली, तिने पुसली.

१३ नोव्हें., गुरु.
खुर्ची ठेवली बाजूला. तिच्या शेजारी पाटावर बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. खवले पेपरवर उडत होते. खाडीत बुडता बुडता वाचलेल्या बैलाची बातमी वाचली. ‘हं’ आलं नाही. विळीवरचा हात थांबला.
‘मग बैल कोणाचा होता?’
पेपरात दिलं नव्हतं. मी एक नाव ठोकून दिलं. बऱ्याच महिन्यांनी इतका आनंद झाला.
उठता मात्र येईना. पाय पाटाला चिकटल्यासारखे. तिचे हात माशाचे. तसेच काखेत घालून तिने ओढलं, दोनदा परत बसलो, दोघंही हसत होतो. शर्ट धुवायला टाकला.

१४ नोव्हें., शुक्र.
आजही पाटावर. आज शेजारचा रफिक आला उठवायला. तो रोज कुठून येणार? शालनची कंबर आधीच धरलेली.
सुजाताचा फोन: कागद सोमवारी द्यायचाय, काय ठरलं? बघतो म्हटलं.
बोलण्यापुढचा १ खोडला. तिथला कागद आता पातळ झालाय. पाटावरून उठणं त्यांच्या यादीत नाही. ते तळाला पेन्सिलीने लिहिलं. आकडा अजून घातलेला नाही.