मोरी म्हणजे मासोळी

४ जानेवारी
नातवाचा फोन. "आजी, मोरी साफ करून राह्यलो, मंग बोलतो." अन् ठेवला!

अश्वजित तिकडं कोकणात मासोळीच्या कारखान्यात आहे. तिथी मोरी काऊन साफ करते? माह्या सासऱ्यानं छप्पनले चांद्याले बाबासाहेबाकडून दीक्षा घेतली, त्या दिवसापासून गावाची मेलेली ढोरं ओढणं बंद. घरात दाणा नव्हता, तरी नाई ओढली. त्याचा पणतू लोकाईच्या मोऱ्यात हात घालते?

कोणाले सांगू? मोबाईललेच सांगते. मी बोलते, तो लिहिते. वाचता मले येत नाई, म्हणून लाजही नाई.

५ जानेवारी
दोनदा वाजला. मीच उचलला नाई.

७ जानेवारी
रिनानं, त्याच्या बहिणीनं, फोन माह्या कानालेच लावला. मी झाडलं त्याले चांगलं. पोट्टा हसतच सुटला. तिकडं मोरी म्हणजे मासोळी म्हणे! शार्क. खोल समुद्रातली. तो ते कापते, धुते, साफ करते.

"मंग आमचं हे आरमोरी गाव काय आहे रे? अर्धी मासोळी?" म्हटलं.

जीव भांड्यात पडला.

१२ जानेवारी
साऱ्या गावाले सांगून आली. शेजारची रंभा म्हणे, आपल्या घारीपेक्षा मोठी असंन का? हिनं आयुष्यात पाहिली एक घार, तेच मापाले घेते.

पण मीही तेच करत बसली. घार उन्हात फिरते. तिची सावली आंगणात पडते, कोंबडी पिलं पंखाखाली घेते. मोरी राह्यते तिथी ऊनच पोचत नाई. सावली नाई, काई नाई. कोणी कोणाले कव्हा झाकावं?

घारीची हाडं पोकळ, फुंकणीवाणी, म्हणून ते वर राह्यते. मोरीच्या कलेजीत तेल, म्हणून ते बुडत नाई. हे अश्वजितनंच सांगितलं.

"अन् माणूस कायनं तरंगते रे?"

"खोटं बोलून, आजी."

चाबरा कुठचा.

२० जानेवारी
व्हिडिओत मोरी दाखव म्हटलं. उद्या म्हणे. मागंही उद्याच म्हणे. खोकत होता. खारी हवा लागते म्हणे.

घारीचं पोट भरलं की ते झाडावर बसते. समुद्रात बसाले झाड कुठी?

२९ जानेवारी
कारखान्यातून फोन आला, रिनानं घेतला. घाण पाण्याच्या टाकीत दोघं उतरले होते, अश्वजित अन् एक बिहारचा. आत गॅस होता. दोघंही गेले.

मासोळी कापणारे वेगळे, म्हणे मुकादम. हे साफसफाईचे. पहिल्या दिवसापासून.

मोरीच होती. आपली.

माह्याच भेवानं खरं बोलला नाई पोरगा.

३१ जानेवारी
मयताची पेटी उघडू नाई देली. सारा गाव आला होता, काय झालं, काय झालं करत. रिना माह्या तोंडाकडं पाहे.

मोरीनं नेलं म्हटलं. मोठी मासोळी राह्यते — खोल पाण्यातली.