मशीनचं कण्हणं

२ मे २००९, शनिवार. सकाळी ११.२०
शेवटी परुळेकर बाई नमल्या. हायस्कूलच्या स्टोअररूममध्ये चार बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर जुन्या उत्तरपत्रिकांखाली पडलेत. सरकारी योजनेतून आलेले, १९८५ चे. मेमरी ३२ के, प्रोग्रॅम कॅसेटवर. १५ जूनला भंगारवाला येणार होता. मी म्हटलं, चारही चालू करून देतो, संग्रहालय करा. बाई मुख्याध्यापिका, त्यामुळे अट घातल्याशिवाय राहवत नाही. आधी एक चालू करून दाखवा, मग नववी ब ची खोली देते. नाहीतर चारही भंगारात.

नववी ब. त्याच खोलीतून मला दोनदा नापास करून घरी पाठवलं. आता त्याच खोलीत माझी यंत्रं लागणार. बघू दे एकेकाला.

शिपाई महादूने एक मशीन घरी आणून दिलं. तो पूर्वी कॉम्प्युटरची खोली झाडायचा. काहीतरी सांगायला लागला. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. मॅन्युअलही त्याच्याचबरोबर परत. पंचवीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतोय, एकही मॅन्युअल न वाचता.

संकल्प: या कामात चिडायचं नाही.

२ मे, दुपारी ४.०५
चिडलो. शेजारचा निलेश येऊन विचारतो, बीबीसी म्हणजे ह्येच्यार बातम्यो लागतत काय? त्याला मेमरी म्हणजे काय ते वीस मिनिटं समजावलं. सगळं ऐकून म्हणाला, मराठीतसून लागतत?

३ मे. सकाळी ७.१५
दोष सापडला. पहिल्याच सेकंदात. स्विच दिला की मशीन कण्हतं. आधी जाड आवाज, मग बारीक. टुंग-टिंग. आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. टीव्हीत दोष असणं शक्य नाही, तो मी स्वतः दुरुस्त केलेला आहे. म्हणजे मशीनच्याच पोटात खोल बिघाड. कण्हणं थांबलं की चित्र येणार. आठ दिवसांचं काम.

११ मे
आठ दिवस कमी पडले. कारण वीज. दिवसातून पाच वेळा जाते.

दरम्यान पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करायला घेतलं. सायबर कॅफेत वाचलं होतं, हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायचं. मेडिकलवाल्याने मी केस रंगवतो का असं विचारलं, चार गिऱ्हाइकांच्या देखत. गच्चीत बायकोच्या, सुभद्रेच्या, आंब्याच्या साठांची ताटं. मी झाकण शेजारी ठेवलं. दुपारी माश्या आल्या म्हणून तिने ताटांवर जुनं लुगडं घातलं, ते माझ्या झाकणावरही अर्धं. आता झाकण अर्धं पांढरं, अर्धं पिवळं, मध्ये काठाची नक्षी. बायको म्हणते, आता कसा सोभता.

१७ मे
अकरा कंडेन्सर बदलले. मीटरवर सगळी रीडिंग्ज चोख. स्विच दिला. टुंग-टिंग.

या मशीनला माणूस ओळखता येत नाही.

२४ मे. रात्री जेवताना
सुभद्रा म्हणते, अवो, रोज सकाळी कण्हता ता. शाळेच्या बंद खोलीत इतकी वरसां पडलेला, ह्येका काय तरी लागलासा. दाजींका बोलवूया, गाऱ्हाणां घालूया. मी स्पष्ट सांगितलं की हे इलेक्ट्रॉनिक्स आहे, माझ्या घरात इलेक्ट्रॉनिक्सला गाऱ्हाणं घातलं जाणार नाही.

३१ मे, रविवार. सकाळी ९.४०
गाऱ्हाणं घातलं गेलं. दाजी, म्हणजे वाडीतले सगळ्यात वडील, बोलायला उभे राहिले की त्यांना कोण अडवणार? वाडीच्या राखणदार देवाला नारळ, तो मशीनच्या समोर. मी फक्त एवढंच बघत होतो की नारळाचं पाणी बोर्डवर पडू नये. दाजी म्हणाले,

"बा राखणदारा म्हाराजा, ह्या घरात जा यंत्र इलासा, ता सांज-सकाळ कण्हता. काय चुकला-माकला आसात ता पदरात घे, आणि ह्येचा कण्हणा कायमचा बंद कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. निलेश सगळ्यात मोठ्याने. मी म्हटलं नाही. ओठ हलले असतील.

३१ मे. सकाळी ११.१५
आवाज करणारी आयसी शोधून उपटली. आवाज नुसता बारीक झाला. शेजारच्या दोन उपटल्या. थोडा धूर आला, तो सोल्डरिंगच्या फ्लक्सचा. परत स्विच दिला. पूर्ण शांतता. पाच वेळा तपासलं. पूर्ण शांतता! चार आठवड्यांचा बिघाड पस्तीस मिनिटांत गेला.

३१ मे. दुपारी १.३०
सुभद्रेने राखणदाराला साखर ठेवली. म्हणते, बघा, गाऱ्हाणां घातला आनी बंद झाला. मी तिला तिन्ही आयसी तळहातावर घेऊन दाखवल्या. तिने त्यांनाही कुंकू लावलं. आता वाडीभर बातमी, राखणदारान आवाज बंद केल्यान. माझं नाव कोणी घेत नाही. संताप, संताप. सोल्डरिंगचे चटके माझ्या बोटाला आहेत, राखणदाराच्या नाही.

७ जून
चित्र अजून नाही. ही किरकोळ गोष्ट. मोठा बिघाड गेलाय, चित्र मागोमाग येईल.

११ जून
बाईंना फोनवर कळवलं, मुख्य दोष काढला, फक्त जोडणी बाकी. बाई खूश. म्हणाल्या, मग मी पेंटरला बोर्ड लिहायला देते. संगणक संग्रहालय, तज्ज्ञ मार्गदर्शक श्री. गुरुदास तारकर. बाईंना शेवटी माणूस कळला.

१२ जून, शुक्रवार. दुपारी ३.२५
मशीन शाळेत नेलं. महादूने जोडलं, स्विच दिला आणि कान लावून बसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला,

"भाई, ह्येचो आवाज खंय गेलो?"

मी अभिमानाने सांगितलं, बंद केला. त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, टुंग वाजला की यंत्र जिवंत आसा म्हणान समजायचा. मगे टीव्हीचा चॅनल फिरवीत बसायचा, अक्षरां दिसासर. शाऐंशी सालात आपण रोज ह्याच करी. त्या दिवशी सांगीत होतंय, तुमी च्या पाजून धाडलात.

महादू म्हातारा झालाय. त्याच्या बोलण्याला किती महत्त्व द्यायचं?

दुपारी ४.१२
महादूने स्टोअरमधून दुसरं मशीन काढलं. मला लांब उभं राहायला सांगितलं, मला! फडक्याने पुसलं. स्विच. टुंग-टिंग. शाळेच्या जुन्या टीव्हीचं चॅनल हळूहळू फिरवत राहिला. मुंग्या, मुंग्या, मग अक्षरं. स्पष्ट, पांढरी. एकही कंडेन्सर न बदलता.

बाईंनी नववी ब ची किल्ली महादूच्या हातात दिली.

१३ जून
सुभद्रेला सांगावंच लागलं. ती हातातलं काम थांबवून शांतपणे म्हणाली,

"मगे तुमचाच खरा होता. राखणदारान काय एक करूक नाय. तुमीच बंद केलात."

गेले दोन आठवडे हे श्रेय मागत होतो.

१५ जून, सोमवार. सकाळी १०.३०
खोली मिळाली. तीन मशीन चालू, चौथं माझं. मुलं रांगेने आली. जान्हवी नावाच्या एका मुलीने त्या नक्षीच्या झाकणाकडे बोट दाखवून विचारलं, काका, ह्याच्यात तुम्ही काय दुरुस्त केलंत? मी नऊ मिनिटं समजावलं. ती म्हणाली, म्हणजे काय? मी म्हटलं, काही नाही. ती पुढच्या मशीनकडे गेली, तिथे महादू चॅनल फिरवत होता.

दुपारी १२.१५
पेंटरकडे गेलो. बोर्ड अजून ओला होता. माझं नाव पुसायला त्याला चार मिनिटं लागली. तिथे महादूचं पूर्ण नाव घालायला सांगितलं, ते मी स्वतः कागदावर लिहून दिलं. तज्ज्ञ हा शब्द तसाच ठेवला. तो बरोबर लिहिला होता.