आई गुजरातीण झाली त्याची हकिकत

नागपूर, ता. ९ नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप सिंधूताईस,

धाकट्या चंपतचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सारे इकडे खुशाल. तिकडे भाऊजी, मुलं आणि तुझी गुडघेदुखी चांगली असावी. (म्हणजे गुडघे चांगले, दुखी नव्हे. तू शाळेत मराठी शिकवतेस, म्हणून आधीच खुलासा केलेला बरा.)

ताई, आईची निगेटिव्ह सापडली! शिलाईच्या डब्यात, बटणांखाली! तिचा एकुलता एक फोटो! ती गेल्यापासून बाबा खाटेवर बसून रिकाम्या भिंतीकडे बघतात, ते मला बघवत नाही. तेव्हा वर्षश्राद्धाच्या आत फोटो मोठा करून लावायचाच, आणि तोही स्वतःच्या हातानं, असं मी ठरवलं. म्हणजे एनलार्जर घेणं आलं. रामदासपेठेत वामनरावांचा स्टुडिओ बंद होतोय, त्यांचं जर्मन मशीन विकाऊ आहे. उंच, काळं आणि आपल्या थोरल्या आत्यासारखं ताठ. जरीपटका वस्तीत एका मेकॅनिकनं तुपाच्या डब्यात बल्ब बसवून घरगुती मशीन केलंय. ते तापलं की अजून तुपाचा वास सुटतो. (माझा जीव ह्याच्यावरच जडला होता.) चारुशीला म्हणाली, दोन्हींवर काढून बघा, सासूबाई ज्यात नीट येतील ते घ्या. बायकोचं ऐकलं.

आधी जरीपटका. निगेटिव्हची चकचकीत बाजू वर ठेवा, असं मेकॅनिकनं बजावलं होतं. पण आनंदाच्या भरात मी नेमकी उलटी घातली. लाल दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात, कोऱ्या कागदावर आधी कुंकू आलं, मग डोळे आले. ताई, मी रडलो गं! धावत घरी आणून भिंतीवर लावला. बाबांनी चष्मा पुसून पाहिलं.

"हे गुजरातीण कोन व्हय गा?"

पदर उजव्या खांद्यावर! तसाच रामदासपेठेत पळालो. जर्मन मशीनवर आई सुलट निघाली, पदर जागच्या जागी, चेहरा लख्ख. मोठ्या ऐटीत तो फोटो लावला. बाबांनी खाटेवरून एकदा फोटोकडे, एकदा दाराकडे पाहिलं.

"पयलाच लाव गा," मग म्हणाले. "ह्याच्यात थे दाराकडं पाहून राह्यली, निघाल्यावानी. त्याच्यात माह्या खाटेकडं पाहे."

मी मुकाट्यानं बदलला.

तुझा,
चंपत

ता. क. मशीन कोणतंच घेतलं नाही. फोटो एकच होता, तो निघाला. चारुशीलेला हे आधीच ठाऊक होतं, असं आता वाटतं.

आणखी ता. क. खरं काम हे आहे. तू श्राद्धाला येशील आणि उंबऱ्यातूनच म्हणशील, "चंपत, फोटो उलटा आहे." ह्या वेळी चूक सुधारू नकोस, ताई. बाबा तिच्याशी बोलायला लागलेत.