प्रश्न सातवा : सुखी घर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा जमेल तितकं वाकून). तुझी पाठ कशी आहे? भाऊजींची तब्येत उत्तमच असणार. पत्र घरच्या पत्त्यावर पाठवलं नाही म्हणून रागावू नकोस. आधी माझी फजिती ऐक, मग कारण सांगते.

घरातल्या मारहाणीवर आणि छळावर संशोधन करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, हे तुला ठाऊकच आहे. कुटुंबोपचार शिकवतेय त्यालाही एकोणीस झाली. आमची मुलं दुसऱ्या वर्षाला आली की त्यांना उठताबसता छळच दिसायला लागतो. (कँटीनवाला बायकोला ‘जरा हात चालव’ म्हणाला, तर एकीने त्या बाईच्या हातात मदतीचं पत्रकच ठेवलं.) ही खोड मोडावी म्हणून मी परीक्षेत एक सापळा लावला. एका साध्या, सुखी घराचं वर्णन द्यायचं आणि विचारायचं, इथे काय बिघडलंय? अपेक्षित उत्तर : काही नाही. आता सुखी घर आयत्या वेळी आणायचं कुठून? आठवेल ते लिहीत गेले. नवरा शिस्तीचा. बायकोचा फोन तोच उचलतो, ती नेहमी आंघोळीला गेलेली असते. बाजारात तो सोबत असतोच. ती बहिणीकडे राहायला आली की दुसऱ्या दिवशी न्यायला हजर, कारण तिच्यावाचून त्याला करमत नाही. काही बोलण्याआधी ती त्याच्याकडे बघते.

बावीसच्या बावीस जणांनी लिहिलं, ही बाई धोक्यात आहे. मी बावीस शून्यं दिली आणि समासात तांबड्या शाईने ‘घाई नको’ असा शेरा मारला. मुलं विभागप्रमुखांकडे गेली, त्यांनी पेपर बाहेरच्या परीक्षकबाईंकडे पाठवला. त्यांनीही तेच उत्तर दिलं आणि वर विचारलं की, या बाईची सध्या विचारपूस कोण करतंय? मग समिती बसली. तिथे मी पाऊण तास तावातावाने भांडले, की हे घर मी तीस वर्षं ओळखते, तो माणूस देवमाणूस आहे.

विभागप्रमुख हळूच म्हणाले, “बाई, प्रश्न काल्पनिक होता ना?”

गुण वाढवून दिले, मुलांची माफी मागितली. मला फार लाज वाटली, ताई, आणि ती मुलांपुढची नव्हती.

तुझी,
धाकटी

ता. क. पत्र घरी नेऊ नकोस. वाचून झालं की शिंपीणकाकूंच्या हातात परत दे. माप घेताना भाऊजींना बाहेर थांबावं लागतं, अशी ही एकच जागा मला सापडली.

ता. क. दुसरा. चार हजार बायकांच्या दारात जाऊन मी एक प्रश्न विचारला, तुला मात्र कधीच नाही. तुला भाऊजींची भीती वाटते का? लिहायला नको, बोलायलाही नको. वाटत असेल तर काकूंच्या मागचा पडदा सरकव. मी तिथेच बसले आहे, आणि मागच्या दाराशी गाडी उभी आहे.