आईच्या थेंबांची बाटली

दादा,

रात्रपाळीला तुझा फोन कारखान्यात जमा असतो, म्हणून लिहून ठेवतेय. आईचा ऑपरेशन झालेला डोळा लालभडक झालाय, पू येतोय. डॉक्टर अकरानंतर पेशंट बघत नाहीत, म्हणून मी केसपेपर काढायला दवाखान्यात पुढे गेलेय. शेजारच्या काकू तिच्याजवळ बसल्यात. आल्या पावली गाडी कर आणि तिला घेऊन ये. तिला धरून आणायला माझे हात नकोत.

आधी साबणाने हात धू. तिच्या डोळ्याला बोट लावू नकोस, स्वतःच्याही नाही. तिचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा मी उकळत्या पाण्यात घातलेत. थेंबांची बाटली फेकलीय, शोधत बसू नकोस.

खरं सांगते. पाळणाघरात सगळ्या पोरांचे डोळे आलेत. त्यांचे पुसता पुसता माझेही आले. रजा मागितली तर बाई कायमची घरी बसवतील, म्हणून गुपचूप आईचेच थेंब घातले. बाटलीचं टोक माझ्या पापणीला लागलं असणार. त्याच बाटलीने तीन दिवस तिलाही घातले. डॉक्टरांना हे मीच सांगणार आहे, तू मला पाठीशी घालू नकोस.

आईला मात्र आज काही बोलू नकोस. 'तुझा हात हलका आहे गं,' म्हणत ती माझ्याशिवाय कुणाकडूनच थेंब घालून घेत नव्हती.

तिचा दुसरा डोळा तर केव्हाच गेलाय. आज सकाळी मला म्हणाली, 'अजून उजाडलं नाही का?' मी 'नाही' म्हणाले. तेव्हा खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर होतं.